मदत हवी आहे: अमेरिकेतल्या किरणोत्सर्ग भरपाईचा (रेका) अर्ज ठाण्यातून करायचा आहे

वेदवती

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावतेय, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा 1971 ते 1979 सेंट लुईसला इंजिनिअर होते. आधी हेझलवूडला भाड्याच्या घरात, मग फ्लोरिसंटला स्वतःच्या. जवळून कोल्डवॉटर क्रीक नावाचा ओढा वाहायचा, आम्ही पोरंसोरं त्यात मनसोक्त डुंबायचो. नंतर सगळे ठाण्याला परतलो. आई 2009 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. बाबा 84 वर्षांचे आहेत, तब्येत बरी आहे.

परवा तिथल्या एका जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला आणि बरंच काही कळलं. अणुबॉम्बसाठी युरेनियम शुद्ध करायचं काम सेंट लुईस शहरात 1942 पासून चालायचं. त्याचा किरणोत्सर्गी कचरा 1946 पासून विमानतळाजवळ उघड्यावर ढीग करून ठेवला, 1966 मध्ये त्यातला बराचसा हेझलवूडच्या लॅटी अव्हेन्यूवर हलवला. पावसापाण्याबरोबर तो ओढ्यात उतरत राहिला. घर घेताना आम्हाला याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

भरपाईचा मूळ कायदा (रेका) 1990 चा. नेवाडातल्या अणुचाचण्यांची धूळ अंगावर आलेले लोक आणि युरेनियमच्या खाणीतले मजूर यांच्यासाठी तो होता, सेंट लुईस त्यात नव्हतंच. जून 2024 मध्ये त्याची मुदत संपली आणि जुलै 2025 मध्ये तो पुन्हा चालू करताना मिसूरीतले (सेंट लुईस याच राज्यात) काही पिनकोड घातले. 1 जानेवारी 1949 नंतर तिथे किमान 2 वर्षं राहिलेल्या, नोकरी केलेल्या किंवा शाळेत गेलेल्या माणसाला यादीतला कॅन्सर झाला असेल तर अर्ज करता येतो. आमचे 63042 आणि 63031 दोन्ही यादीत आहेत, अंडाशयाचा कॅन्सरही आहे. आजारी माणूस हयात असेल तर 50,000 डॉलर किंवा पदरचा वैद्यकीय खर्च, यातलं जे जास्त असेल ते. माणूस गेला असेल तर जोडीदाराला 25,000. अर्जाची शेवटची तारीख 31 डिसेंबर 2027.

अडचण कागदांची आहे. आईवर उपचार झाले त्या हॉस्पिटलने जुन्या फायली नष्ट केल्यात. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं नाव नाही. आईबाबांचं लग्न 1967 चं, नोंदणी कुणी केली होती तेव्हा! आणि सध्या भारतात राहणाऱ्या माणसाला अर्ज करता येतो का? एक एजंट 'सगळं करून देतो, 30 टक्के द्या' म्हणतोय. कुणी या वाटेने गेलंय का?

मिडवेस्टी

ताई, आधी त्या एजंटला नारळ द्या. वकिलाने किंवा एजंटने किती घ्यायचे हे कायद्यातच ठरलंय: पहिल्या अर्जाला 2 टक्के, नाकारलेला अर्ज पुन्हा केला तर 10. अर्ज अमेरिकेच्या न्याय खात्याकडे करायचा असतो आणि तो स्वतःला भरता येतो. अट तेव्हा कुठे राहत होता याची आहे, आता कुठे राहता याची नाही. आणि कॅन्सर किरणोत्सर्गामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही. राहणं आणि रोग एवढं दाखवलं की झालं.

राहण्याच्या पुराव्याला एक कागद पुरायचा नाही, मधली 2 वर्षं भरून निघाली पाहिजेत. फ्लोरिसंटचं घर विकत घेतलं होतं ना? मग खरेदी आणि विक्री दोन्हींची नोंद सेंट लुईस काउंटीच्या दप्तरात मिळेल. तुमची शाळेची नोंदही मागवा, मुलं कुठल्या पत्त्यावर राहत होती ते त्यात असतं.

डॉ_मेघना

दाखल्याबद्दल. आपल्याकडच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, त्यामुळे तो इथे फारसा कामाचा नाही. पण मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर डॉक्टरांनी फॉर्म ४ भरून निबंधकाकडे पाठवलेला असतो, त्यात कारण असतं. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात त्याची सही-शिक्क्याची प्रत मागा. 'मिळत नाही' म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शिवाय बायप्सी बहुतेक वेळा बाहेरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, तिथे विचारा. घरी डिस्चार्ज कार्ड असेल तर ते सोन्यासारखं जपा.

खवचट

16 जुलै 1945 ला न्यू मेक्सिकोत जगातला पहिला बॉम्ब फोडला. त्या भोवतालच्या गावकऱ्यांना या कायद्यात शिरायला 2025 उजाडलं. 80 वर्षं! ज्यांना द्यायचे ते बहुतेक सगळे वर पोचल्यावर खिडकी उघडायची, ही सरकारी पद्धत सगळीकडे सारखीच दिसते.

पाटणकर_काका

खवचट, मुद्दा बरोबर आहे पण वेगळा धागा काढा, ताईंना उत्तर हवंय.

वेदवती, बाबांकडे तेव्हा ग्रीन कार्ड असेल तर त्यांची इमिग्रेशनची फाइल मागवून घे. आपल्या माहिती अधिकारासारखाच तिकडेही अर्ज असतो, ऑनलाइन करता येतो. आईला तिकडे नेताना लग्नाचं प्रतिज्ञापत्र दिलं असणार, ते फाइलमध्ये मिळायला हवं. म्हणजे लग्नाचा प्रश्न सुटतो. आजच अर्ज टाक, फायली यायला महिने लागतात आणि बाबांचं वय बघता थांबण्यात अर्थ नाही.

वेदवती

सर्वांचे मनापासून आभार. एजंटला कळवून टाकलं. धाकटी बहीण तिकडचीच, 1975 ची. तिच्या जन्मदाखल्यावर फ्लोरिसंटचा पत्ता निघाला. फॉर्म ४ साठी सोमवारी महापालिकेत जातेय, इमिग्रेशनचा अर्ज बाबांच्या नावे टाकलाय.

राहिली हेझलवूडची भाड्याची वर्षं. सत्तरच्या दशकात सेंट लुईसला असलेल्या मराठी मंडळींपैकी कुणाकडे तेव्हाची पत्त्यांची वही, पत्रांची पाकिटं, काहीही असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. बाबांचं नाव व्यनित कळवते.