घटोत्कचवधानंतर श्रीकृष्णाला आनंद का झाला?

शंकासुर:
द्रोणपर्वातील घटोत्कचवधाचा भाग नुकताच सलग वाचला. जयद्रथ पडल्यावरही चौदाव्या दिवशीचे युद्ध थांबत नाही, दिव्यांच्या उजेडात ते रात्रीही चालू राहते आणि घटोत्कच कौरवसेनेला सळो की पळो करून सोडतो. शेवटी कर्ण इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती त्याच्यावर सोडतो. पांडव शोकात बुडालेले असताना श्रीकृष्ण मात्र सिंहनाद करतो, अर्जुनाला मिठी मारतो आणि वाऱ्याने हललेल्या वृक्षासारखा नाचतो. अर्जुनावरचे संकट टळले, एवढेच या आनंदाचे कारण मानावे का?

पोथीवाला:
मुख्य कारण तेच आहे. कवचकुंडलांच्या बदल्यात मिळालेली ती शक्ती कर्णाने अर्जुनासाठीच राखून ठेवली होती. त्या रात्री अर्जुन स्वतः कर्णाकडे रथ न्यायला सांगतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला थोपवतो आणि घटोत्कचाला बोलावून घेतो. म्हणजे जे घडले ते अनपेक्षित नव्हते. इतके दिवस कर्णाने ती शक्ती अर्जुनावर का सोडली नाही, असे सात्यकी पुढे विचारतो, त्यावर ‘मीच त्याला मोहात ठेवत होतो’ असे श्रीकृष्ण स्पष्ट सांगतो.

माजघर:
पोथीवाला यांचे म्हणणे योग्य असले तरी त्याच प्रसंगातील अधिक अवघड भाग त्यांनी वगळला आहे. जरासंध, शिशुपाल आणि एकलव्य यांची नावे घेऊन श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, की कर्णाने घटोत्कचाला मारले नसते तर मलाच त्याचा वध करावा लागला असता, कारण तो ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष करणारा होता. केवळ तुमच्या प्रेमाखातर मी त्याला आधी मारले नाही, असेही श्रीकृष्ण म्हणतो. मला हे कारण पटत नाही. आपल्यासमोर महाभारताने जो घटोत्कच उभा केला आहे, तो वनपर्वात थकलेल्या द्रौपदीला उचलून नेणारा आणि आठवण काढताच हजर होणारा मुलगा आहे. यज्ञ उधळणारा घटोत्कच निदान माझ्या वाचनात तरी आलेला नाही. वत्सलाहरणातला मिश्कील, मायावी घटोत्कच आपल्या मनात आधीपासून असतो, म्हणून धक्का जास्त बसतो हे खरे. पण ती कथा व्यासांच्या महाभारतात नाही आणि ती बाजूला ठेवली तरी प्रश्न सुटत नाही.

शंकासुर:
धन्यवाद. श्रीकृष्णाच्या या बोलण्यावर पांडवांपैकी कोणी आक्षेप घेतो का?

माजघर:
थेट आक्षेप कोणी घेत नाही, पण युधिष्ठिराचा शोक वाचावा. वनवासातील घटोत्कचाची सेवा आठवून तो म्हणतो, की सहदेवावर माझे जे स्वाभाविक प्रेम आहे, त्याच्या दुप्पट या राक्षसावर होते. त्याची तक्रारही विलक्षण आहे: अभिमन्यूच्या वधात जयद्रथाचा अपराध थोडा असताना अर्जुनाने त्याला मारले, खरे दोषी द्रोण आणि कर्ण मात्र जिवंतच आहेत. एवढे बोलून तो स्वतःच कर्णावर चालून निघतो आणि त्याला आवरण्यासाठी व्यासांना रणांगणावर यावे लागते.