रंगाकडे नको, मागच्या फळीकडे बघा

पैठणला १२ फुटी जुनी फायबरची होडी मिळतेय, मागची फळी (इंजिन अडकवतात ती, आत प्लाय, वरून फायबर) दाबली की दबते, घ्यावी का, असं एकाने विचारलंय. (नाथसागर, म्हणजे पैठणचा जायकवाडी जलाशय, पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे पक्षी बघायला होडी नेणार असाल तरी आधी वनखात्याला विचारा.)

फळीत तळाशी आतून ४ मिमीचं भोक पाडा. भुसा काळा, ओला निघाला तर प्लाय कुजलंय. फळी बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. आतलं फायबर कापून आयएस ७१० मानकाचं मरीन प्लाय बसवायचं, पण कडांना आधी रेझिन (फायबर जोडायचा चिकट द्रव) पाजून. उघड्या कडेतूनच पाणी शिरतं.

होडीला कुठे तडा असेल तर त्याच्या कडा फायबरच्या जाडीच्या १२ पट उतारात घासा, म्हणजे ५ मिमीला ६० मिमी. ॲसिटोनने पुसून ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) काचतंतूंची मॅट लावा, मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन. ओल राहिली तर मॅट सुटणारच.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं) रेझिनमध्ये नीट ढवळून झाल्यावरच हार्डनर (रेझिन कडक करणारं) घाला. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हार्डनर १ टक्काच, एका वेळी अर्धा किलोच कालवा, नाहीतर डब्यातच दगड होतो. सकाळी आठच्या आत उरका.