मिनिमाईझ केलेल्या विंडोला मराठीत काय म्हणाल?

आमच्या हिशोबाच्या प्रोग्रामचं हेल्प मराठीत करतोय. विंडोला विंडोच ठेवलंय, खिडकी लिहिलं की ऑफिसात हसतात. पण मिनिमाईझ, मॅक्सिमाईझ, रिस्टोअरला ‘लहान केलेली’, ‘मोठी केलेली’ आणि ‘पूर्ववत’ चालेल का?

— ‘लहान’ नको हो, कोपरा धरून ओढली तरी लहानच होते की! मिनिमाईझ म्हणजे पडद्यावरून जाते. विंडोज ३.१ मध्ये तिचा आयकॉन होऊन डेस्कटॉपवर खाली जाऊन बसायचा, म्हणून विंडो तशी आहे का हे प्रोग्राममधून तपासायचं विंडोजचं फंक्शन आजही इजआयकॉनिक; मॅक्सिमाईझचं इजझूम्ड. मी ‘मिटलेली’ म्हणेन, छत्रीसारखी, उघडली की पहिल्याएवढीच.

— गुंडाळलेली?

— गुंडाळतात ते दुकान :) ‘विंडो गुंडाळा’ वाचून लोक प्रोग्रामच बंद करतील. जुन्या मॅकवर विंडोशेड होतं, डबल क्लिक केलं की नुसती टायटलची पट्टी उरायची, त्याला शोभलं असतं.

— ‘पूर्ववत’ जपून वापरा. मॅक्सिमाईझ असलेली विंडो मिटली आणि रिस्टोअर केली तर ती परत मॅक्सिमाईझच होते, नॉर्मल (म्हणजे ना मिटलेली, ना मॅक्सिमाईझ) नाही. म्हणजे क्रियेला पूर्ववत ठीक, पण त्या नॉर्मल अवस्थेला वेगळा शब्द हवा. ‘मोकळी’ कशी वाटते?

— मोकळी आवडली, घेतो.

— मिटलेली विंडो असते कुठे, हे मी एकदा चांगलंच शिकलोय. माझ्या प्रोग्राममध्ये बंद करताना विंडोची जागा सेव्ह करायचो, एकाने मिटलेली असतानाच बंद केली, दुसऱ्या दिवशी फोन, ‘टास्कबारवर दिसतंय पण उघडत नाही’. बघतो तर सेव्ह केलेल्या जागेचे एक्स (आडवा), वाय (उभा) दोन्ही आकडे उणे ३२०००, विंडोज मिटलेल्या विंडोला तिथे नेऊन ठेवतं. मग मी शहाणपणा केला, एक्स उणे आला की विंडो मिटलेली समजायची आणि मुख्य मॉनिटरवर उघडायची. झालं, ज्यांचा दुसरा मॉनिटर डावीकडे त्यांची विंडो रोज सकाळी उजवीकडच्यावर! मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा शून्य, त्यामुळे डावीकडचा १९२० रुंदीचा मॉनिटर उणे १९२० पासूनच सुरू होतो, त्यात त्याची काय चूक. आता विंडोजच्याच गेटविंडोप्लेसमेंट फंक्शनला अवस्था आणि मोकळी असतानाची जागा विचारतो, आणि मॉनिटरफ्रॉमविंडो फंक्शनला मॉनिटर.

— उणे की वजा?

— वजाबाकी करताना वजा, नुसता आकडा असेल तर उणे, शाळेच्या पुस्तकात ऋण. पण हेल्पमध्ये आकडा कशाला, ‘डावीकडचा मॉनिटर’ लिहा की सरळ.