मदत हवी आहे: छोट्या ऑफिसचा सर्व्हर गळ्यात पडलाय, नेमकं कोणतं पुस्तक वाचू?

जमाखर्च

मंडळी, नमस्कार.

मी ऑफिसात हिशोब बघते. संगणकाशी संबंध म्हणाल तर एक्सेल, आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे सर्व्हर बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि "तुम्हाला त्यातलं कळतं" म्हणत साहेबांनी ते काम माझ्याकडे सरकवलं. कळतं म्हणजे काय, तर तो रजेवर असताना फोनवर त्याचं ऐकत ऐकत मी दोनदा सर्व्हर बंद-चालू केला होता.

चौदा संगणक आहेत, एक सर्व्हर आहे. त्यावर विंडोज सर्व्हर 2012 आर2. सगळ्यांचं लॉगिन त्यावरून, शेअर ड्राइव्ह त्यावर, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही त्यावरच. रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप होतो. सकाळी आल्या आल्या मी ती खिडकी उघडून बघते, 'सक्सेसफुल' आणि हिरवी खूण असते. जाताना त्या मुलाने एक वही दिली. वहीत ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, राउटरचा पासवर्ड आणि शेवटच्या पानावर "यूपीएसची बॅटरी!!" एवढंच. बॅटरीचं काय करायचं ते लिहिलेलं नाही.

कपाटात तीन पुस्तकं सापडली. एक स्मॉल बिझनेस सर्व्हर 2003 चं. मला वाटलं आमचा बिझनेस स्मॉल, सर्व्हरही आहे, म्हणजे हेच हवं. पण त्यातला एकही स्क्रीन आमच्याकडच्या स्क्रीनशी जुळत नाही. दुसरं परीक्षेच्या तयारीचं आहे, प्रत्येक धड्याखाली प्रश्न आणि चार पर्याय. तिसरं अकराशे पानी. मी एकशे चाळीसाव्या पानापर्यंत आले, अजून फॉरेस्ट आणि ट्री, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कची रचना, हेच चालू आहे. आमच्याकडे एकच झाड आहे हो, आणि तेही वाळेल अशी भीती आहे.

आता तातडीचं. गेल्या आठवड्यात इंटरनेटवाल्याने राउटर बदलला. दुसऱ्या दिवसापासून पाच-सहा जणांचं लॉगिन होतं, पण शेअर ड्राइव्ह दिसत नाही. एका नवीन मुलीचं तर लॉगिनही होत नाही. बाकीच्यांचं व्यवस्थित. मी सर्व्हर तीनदा रीस्टार्ट केला, काही फरक नाही. अकराशे पानांत हे कुठे शोधायचं?

माझ्यासारखीला उपयोगी पडेल असं एखादं पुस्तक सुचवा. इंग्रजी चालेल. परीक्षा द्यायची नाही, फक्त गाडं चालू ठेवायचंय.

---

टर्मिनलवासी

लिनक्स टाका. विषय संपला.

---

खटपट्या

@टर्मिनलवासी, त्यांचं लॉगिन होत नाहीये आणि तुम्ही घरच बदलायला सांगताय.

---

पॅचकेबल

ताई, पुस्तकाचं नंतर बघू, आधी लॉगिनचं.

नव्या राउटरचं डीएचसीपी (संगणकांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) चालू राहिलंय, असा माझा पक्का संशय आहे. संगणक चालू झाला की तो "मला पत्ता द्या" असं सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतो. आधी हे उत्तर फक्त सर्व्हर देत होता, आता राउटरही देतो. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता घेतला जातो, म्हणून काही मशीनं चालतात आणि काही नाही. राउटर पत्त्याबरोबर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) म्हणून स्वतःचंच नाव सांगतो, आणि तुमचं डोमेन (सर्व्हरने सांभाळलेलं, सगळ्यांच्या लॉगिनचं ऑफिसचं नेटवर्क) कुठे आहे हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं. जुन्या लोकांचं लॉगिन होतं, कारण विंडोज आधीची दहा लॉगिन स्वतःजवळ लक्षात ठेवतं. नवीन मुलगी त्या मशीनवर आधी कधी बसलेलीच नाही, तर तिचं काय आठवणार?

बिघडलेल्या एका संगणकावर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा, 'आयपीकॉन्फिग /ऑल' द्या आणि 'डीएनएस सर्व्हर्स' ही ओळ वाचा. तिथे सर्व्हरचा पत्ता हवा. राउटरचा दिसला तर चोर सापडला. राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, मग ती मशीनं रीस्टार्ट करा. सर्व्हरला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही.

आणि कोणी सांगेल की डीएनएसच्या दुसऱ्या रकान्यात बाहेरचा एखादा पत्ता टाकून ठेवा, अडीअडचणीला असावा. ऐकू नका. पहिला जरा उशिरा बोलला की मशीन त्या दुसऱ्याकडे जातं, आणि मग ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही. असला अधूनमधून येणारा बिघाड शोधताना केस पांढरे होतात. बाहेरच्या जगाचे पत्ते सर्व्हरने फॉरवर्डर (प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पुढे पाठवणारी सोय) लावून विचारायचे, संगणकांनी फक्त सर्व्हरला विचारायचं.

---

जमाखर्च

पॅचकेबल, तुमच्या तोंडात साखर पडो! सहाच्या सहा मशीनवर राउटरचाच पत्ता होता. बंद केलं, सगळे सुरळीत. नवीन मुलीने टाळ्या वाजवल्या.

पण हे मला पुस्तकात कसं सापडलं असतं? जाड पुस्तकात डीएचसीपीचा आख्खा धडा आहे, मी तो वाचलाही होता. त्यात डीएचसीपी लावायचं कसं ते आहे. दोन झाले तर काय होतं, ते नाही.

---

खटपट्या

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी बरीच वर्षं छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

ही पुस्तकं मुख्यतः उभारणीची असतात. नवा कोरा सर्व्हर समोर ठेवून तो लावायचा कसा, असा त्यांचा क्रम. तुमचा सर्व्हर लावून झालेला आहे, चालू आहे, आणि लावणारा निघून गेलाय. म्हणून पहिल्या पानापासून वाचायला जाऊ नका. मागची सूची उघडा आणि बॅकअप, रिकव्हरी, डीएनएस, इव्हेंट व्ह्यूअर (सर्व्हरवरच्या घडामोडींची नोंदवही) एवढेच शब्द धरून वाचा. झाडं-जंगलं राहू द्या. एका सर्व्हरच्या ऑफिसात त्या धड्याशिवाय काही अडत नाही.

2003 चं पुस्तक रद्दीत द्या, कितीही चांगलं लिहिलेलं असलं तरी. स्मॉल बिझनेस सर्व्हर हे वेगळंच बाड होतं. मेल, फाइल, डोमेन सगळं एकाच डब्यात, कमाल 75 जणांसाठी. त्या पुस्तकांचा मंत्रच असा की प्रत्येक गोष्ट विझार्डमधून (एकेक पायरी विचारत काम करून देणाऱ्या खिडकीतून) करा, हाताने काही करू नका. ते विझार्ड तुमच्या सर्व्हरवर नाहीतच. 2011 च्या आवृत्तीनंतर ते उत्पादनच बंद झालं. पुढे 'इसेन्शियल्स' आलं, 25 जण आणि 50 उपकरणांपर्यंत. त्याचा सोपा डॅशबोर्डही 2019 च्या आवृत्तीतून काढून टाकला. म्हणून पुस्तक घेताना लेखकाच्या आधी आवृत्तीचा आकडा बघा.

एक पुस्तक मात्र आकड्यात अडकत नाही: लिमोनचेली, होगन आणि चालुप यांचं 'द प्रॅक्टिस ऑफ सिस्टिम अँड नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेशन'. तिसरी आवृत्ती 2016 ची. कुठलं बटण दाबायचं ते त्यात फारसं नाही. काम कसं लावून घ्यायचं, बदल करण्याआधी काय तपासायचं, काय लिहून ठेवायचं हे आहे. तेही जाडच आहे आणि मोठ्या कंपन्यांचे धडे बरेच आहेत, ते बिनदिक्कत उलटा. हिशोबाच्या माणसाला ते पटेल, कारण त्यातली अर्धी शिस्त तुमच्या खातेवहीचीच आहे.

त्या वहीबद्दल. डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा तुमचा सर्व्हर, उभा करताना आणखी एक पासवर्ड ठेवलेला असतो, डीएसआरएमचा. डोमेनच मोडलं तर दुरुस्तीच्या मोडमध्ये शिरायला तोच लागतो, रोजचा ॲडमिनिस्ट्रेटर तिथे चालत नाही. तुमच्या वहीत तो नाही. सर्व्हर धडधाकट आहे तोवर 'एनटीडीएसयूटिल' ही कमांड वापरून नवा ठेवून घ्या. सर्व्हर पडल्यावर आठवून काही उपयोग नाही.

आणि जाड पुस्तकातला रिकव्हरीचा धडा नुसता वाचू नका, करून बघा. डी ड्राइव्हवरची एक बिनमहत्त्वाची फाइल बॅकअपमधून काढा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. जुन्या जागेवर नको.

---

पॅचकेबल

+१. शिवाय 2012 आर2 चा नेहमीचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपलाय हे साहेबांच्या कानावर घाला. निदान राउटरमधून 3389 हे पोर्ट बाहेर उघडं ठेवलेलं नाही ना, एवढं आजच बघा. घरून सर्व्हरवर येता यावं म्हणून ते बरेच जण उघडतात आणि डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे नेमके तिथूनच शिरतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच येऊन पडला होता. तुमच्याकडे आता नवे पॅच येणंच थांबलंय.

---

जमाखर्च

खटपट्या, तुमचं ऐकून काल संध्याकाळी सगळे गेल्यावर बसले. पोर्ट बंद आहे, तेवढं बरं.

फाइल परत काढायला गेले तर यादीत डी ड्राइव्हच नाही. मला वाटलं माझंच काही चुकतंय. तारीख बदलली, आदल्या आठवड्याची घेतली, महिन्यापूर्वीची घेतली. प्रत्येक वेळी फक्त सी. हिशोबाचा सगळा डेटा डी वर आहे! म्हणजे रोज सकाळी ती हिरवी खूण बघून मी निवांत चहा घेत होते, आणि आमचा एक आकडासुद्धा त्या डिस्कवर जात नव्हता. रात्री झोप लागली नाही.

---

खटपट्या

बॅकअप लावताना त्याने 'बेअर मेटल रिकव्हरी' एवढीच खूण केली असणार. नाव असं भारदस्त की वाटतं सगळं आलं. पण त्यात सर्व्हर पुन्हा उभा करायला लागतील तेवढेच ड्राइव्ह धरले जातात. नुसता डेटा असलेला डी त्यात आपोआप येत नाही, वेगळी खूण करावी लागते. सर्व्हरचं म्हणणं बरोबरच होतं, जे सांगितलं ते 'सक्सेसफुल' झालं.

बॅकअप शेड्यूलमध्ये जा, 'ॲड आयटम्स' मधून डी निवडा. आणि आज घरी जायच्या आधी हिशोबाचा डेटा कुठल्याही वेगळ्या डिस्कवर हाताने कॉपी करा.

बॅटरीचंही बघून टाका. सर्व्हर नीट बंद करा, त्याची वायर यूपीएसमधून काढा, तिथे साधा टेबल लॅम्प लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा.

---

जमाखर्च

डेटा कॉपी झाला. डी निवडला, रात्री बॅकअप चालला, सकाळी एक जुनं बिल परत काढून उघडून बघितलं. उघडलं!

लॅम्प लावून बघितला. मी मोबाइलवर वेळ मोजायला घेतली तोवर विझलासुद्धा. त्या दोन उद्गारचिन्हांचा अर्थ कळला. बॅटरी मागवलीय.

एकच शंका: डी धरल्यापासून बॅकअपची डिस्क जवळजवळ भरलीय. घरी एक मोठी डिस्क पडून आहे, ती लावली तर चालेल का?

---

पॅचकेबल

चालेल, पण त्यावर फोटोबिटो असतील तर आधी काढून घ्या. शेड्यूलमध्ये अख्खी डिस्क दिली की विझार्ड ती पूर्ण पुसतो, आणि नंतर ती फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतसुद्धा नाही. लोक घाबरतात, डिस्क गेली म्हणून. आणि एक नको, मोठ्या दोन घ्या. दोन्ही शेड्यूलमध्ये घाला आणि दर शुक्रवारी बदला. एक सर्व्हरला, दुसरी ऑफिसच्या बाहेर. तुमच्या पर्समध्ये राहिली तरी चालेल.