सॅकचं खापर नेहमी लाइनवरच का?

बेअर्सवेडा: अमेरिकन फुटबॉलमध्ये २०२४ साली शिकागो बेअर्सच्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या खेळाडूला), केलेब विल्यम्सला, ६८ वेळा पास टाकण्याआधीच पाडलं, म्हणजे सॅक केलं, आणि सगळ्यांनी लाइनला (त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांना) झोडपलं. मला ते पटत नाही. कडेने घुसणाऱ्याला लांबचा वळसा घ्यायला लावायचा, म्हणजे तो क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो, हे टॅकलचं (लाइनच्या टोकाला उभ्या गड्याचं) काम. पण त्यासाठी क्वार्टरबॅक ठरल्या जागी असायला हवा. तो आणखी तीन-चार यार्ड मागे सरकला, की नीट अडवलेला गडीसुद्धा थेट त्याच्या अंगावर जातो. टॅकलची पाठ क्वार्टरबॅककडे असते, त्याला कसं कळणार? तेच दोन पावलं पुढे आला तर टॅकलचं काम फत्ते. जुना क्वार्टरबॅक डॅन मरीनो, त्याला पळता येत नव्हतं, तरी १९८८ मध्ये सहाशेच्या वर पास टाकून तो फक्त ६ वेळा सॅक झाला. चेंडू लवकर सोडायचा आणि पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या जागेत) अर्धं पाऊल सरकून जागा करायचा.

चीफ्सवाला: साफ असहमत. आमच्या चीफ्सच्या क्वार्टरबॅकचे, महोम्सचे, हे तीन सुपर बोल (मोसमाचे अंतिम सामने) बघा. फेब्रुवारी २०२१ ला फिशर आणि श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जखमी होते. महोम्स रात्रभर जीव मुठीत धरून पळाला, ३१-९ ने हरलो. मग लाइन जवळजवळ नव्याने उभारली. २०२३ ला समोर ईगल्स, मोसमात ७० सॅक केलेले, तरी अंतिम सामन्यात शून्य! २०२५ ला थ्यूनीला गार्डवरून (टॅकलच्या आतल्या जागेवरून) डाव्या टॅकलला हलवलेलं, तेव्हा त्याच ईगल्सनी ब्लिट्झ न करता (जादा गडी न घुसवता) ६ सॅक केले. क्वार्टरबॅक तोच होता ना?

ओहायोकर: बेअर्सवेडा, पुढे सरकायला मधे जागा तर हवी. आमच्या सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक बरो २०२१ मध्ये ५१ वेळा सॅक झाला, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात ९ वेळा (तो सामना जिंकलो, हे वेगळं). सुपर बोलमध्ये आणखी ७. शेवटच्या डावात समोरच्या संघाचा अ‍ॅरन डोनाल्ड गार्डला हटवून मधूनच आला. तिथे जाण असून काय करणार?

बेअर्सवेडा: मधून दाब आला तर इलाज नाही, मान्य. पण बरो लांबच्या पाससाठी चेंडू धरून ठेवतो, त्याची किंमत लाइन मोजते. क्वार्टरबॅक पॉकेट सोडून भटकू लागला की लाइनमनला कुठे वळायचं कळत नाही, तो धरपकड करतो आणि होल्डिंगच्या (धरून ठेवल्याच्या) दंडाचे १० यार्ड त्याच्या नावावर लागतात.

चीफ्सवाला: थ्यूनी २०२५ ला तुमच्याकडेच आला, नवा सेंटर (लाइनच्या मधला गडी) डालमनही आला आणि विल्यम्सचे सॅक झपाट्याने घटले. उत्तर तुमच्याच संघाने दिलंय.

बेअर्सवेडा: त्याच वर्षी बेन जॉन्सन कोच म्हणून आला आणि विल्यम्सच्या पायांवर, चेंडू सोडण्याच्या वेळेवर मेहनत झाली. ते वगळून सगळं श्रेय थ्यूनीला कसं देता?