थायरॉईडची गोळी सहा वर्षं चालू आहे, आता शुगर निघाली. दोन्हीचा संबंध असतो का?

धागा_सुई, कराड

नमस्कार. मी ४७ वर्षांची, घरी ब्लाऊज शिवते. सहा वर्षांपूर्वी थायरॉईड निघालं, तेव्हापासून गोळी घेते, सध्या ७५ मायक्रोग्रॅमची. एक दिवस चुकवलेली नाही.

दिवाळीपासून दोन्ही हातांना मुंग्या येतात, पहाटे जास्त. उजवा खांदा आखडलाय. वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायचा तर मुलाला हाक मारावी लागते. शेवटी नणंद हाताला धरून तपासणीला घेऊन गेली. रिपोर्ट असे आले: टीएसएच (थायरॉईडची तपासणी) ११.८, उपाशीपोटी शुगर १३२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७८, हिमोग्लोबिन ९.४. सहा वर्षांत वजन ९ किलो वाढलंय.

ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे गर्दी होती. शुगरची एक आणि कोलेस्टेरॉलची एक अशा दोन गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मला विचारायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे विचारते. गोळी रोज घेऊनही थायरॉईड इतका का वाढला? शुगर त्याच्यामुळे आली का? ही तीन दुखणी आहेत की एकच? माझ्या आईचे पाय शुगरने गेले. रिपोर्ट हातात आल्यापासून तेच डोळ्यांसमोर येतंय, रात्री झोप लागत नाही.

मीठभाकर, सोलापूर

ताई, आधी धीर धरा. हे आकडे वेळेत कळलेत. आमच्या आईचं सांगते. तिला वीस वर्षांची शुगर, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे ती घामाने थबथबलेली, शब्द अडखळत होते. मशीनवर बघितलं तर ५२. साखरपाणी पाजलं, सावरली. पण महिन्यात असं तीनदा झालं. जेवण तेच, गोळी तीच. आम्ही तिलाच रागवायचो, रात्रीची भाकरी नीट खात नाहीस म्हणून. नव्या डॉक्टरांनी थायरॉईड तपासलं तर टीएसएच २३!

त्यांनी समजावलं ते असं. टीएसएचचा आकडा वाढला म्हणजे थायरॉईड मंदावलं. थायरॉईड मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि लिव्हरही साखर कमी सोडतं. मग नेहमीचीच गोळी जड होते. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर शुगर पुन्हा चढायला लागली, तेव्हा शुगरची मात्रा परत बघावी लागली. म्हणून तुमचा थायरॉईडचा डोस बदलला, तर त्यानंतरचे काही आठवडे शुगर जरा जास्त वेळा बघा.

एक विचारते. गोळी घेता कशी?

धागा_सुई

सकाळी सहाला चहाबरोबर. कॅल्शियमची गोळी पण तेव्हाच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. बाटली मोठी असते म्हणून महिन्याच्या गोळ्या काढून स्टीलच्या डबीत ठेवते, गॅसच्या ओट्यावर. यात काही चुकतंय का?

सकाळची रांग, नाशिक

ताई, इथेच तुमचं अर्धं उत्तर आहे. मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढलंय आणि स्वतः ११ वर्षं हीच गोळी घेतेय. सकाळी सातच्या रांगेतल्या प्रत्येकीला मी विचारायचे, गोळी कशाबरोबर घेता? दहाजणींत सहाजणी तरी म्हणायच्या, चहाबरोबर. त्यांना तसं कोणी सांगितलेलंच नसायचं, म्हणून त्यांना बोल लावायला माझं मन कधी धजलं नाही.

ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर, अगदी उपाशीपोटी घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, बिस्कीट काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिला आतड्यात धरून ठेवतात, शोषू देत नाहीत. त्या चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर घ्या. पित्तावरच्या अँटासिड औषधांचंही तेच. आणि डबीतल्या गोळ्या पुन्हा बंद बाटलीत ठेवा. ओट्यावरची वाफ आणि उष्णता त्यांना सोसत नाही. सहा वर्षं तुम्ही ७५ ची गोळी खाल्लीत खरी, पण रक्तात त्यातली किती उतरली असेल? म्हणून डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना हे सगळं सांगा. नाहीतर १०० ची देतील, तुम्ही ती नीट घ्यायला लागाल आणि मग छातीत धडधड सुरू होईल. गोळीची पद्धत किंवा डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघतात. त्याआधी आकडा स्थिरावत नाही.

आता कोलेस्टेरॉल. लिव्हर रक्तातलं एलडीएल उचलून आत घेतं. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की ते उचलणं मंदावतं आणि एलडीएल रक्तात साठत जातं. तुमच्या १७८ मधला काही भाग त्यातला असू शकतो. त्यात थायरॉईड कमी असताना कोलेस्टेरॉलच्या गोळीने पायाचे स्नायू दुखण्याचा संभव वाढतो. ती आत्ताच सुरू करायची की टीएसएच खाली आल्यावर, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका. शुगर असली की चाळिशीनंतर ती गोळी तशीही बऱ्याचदा देतात.

एचबीएवनसी एकट्याने बघू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिला साखर चिकटत राहते. त्या चिकटलेल्या साखरेचा तो आकडा. लोह कमी असलं किंवा थायरॉईड मंद असलं की रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि साखर तेवढी नसतानाही आकडा वर दिसतो. तुमचं हिमोग्लोबिन ९.४ आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. पण उपाशीपोटीची १३२ आहे, मधुमेहाची रेघ १२६ ला. म्हणून शुगर नाहीच, असं मी म्हणणार नाही. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची पुन्हा करा.

नऊच्या नऊ किलो थायरॉईडवर घालता येणार नाहीत. त्याच्यामुळे बहुतेकांचं वजन दोन-चार किलोच वाढतं, त्यातही मीठ-पाणी बरंच. मुंग्या आणि आखडलेला खांदा मात्र दोन्ही दुखण्यांत दिसतात, ते नक्की दाखवा. आणि पुढच्या वेळी रक्त देऊन मगच गोळी घ्या. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी थांबवा, थायरॉईडचे आकडे त्याने फसवे येतात.

कोबी-फ्लॉवर सोडायला सांगतील शेजारणी. शिजवून रोजच्या जेवणाइतका खाल्लात तर काही होत नाही.

लेकीचा बाबा, पुणे

आमच्या मुलीला नवव्या वर्षी टाईप १ मधुमेह निघाला, बाराव्या वर्षी थायरॉईड. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दरवर्षी टीएसएच करायची. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटते, तशी पुष्कळदा थायरॉईडवरही उलटते, आणि अशी दुखणी एकाच माणसात जोडीने येतात. ताईंच्या वयात बहुधा टाईप २ असतो, त्याची गोष्ट वेगळी, पण त्यातही थायरॉईडची तपासणी सोडू नये. इथे कुणाच्या घरी इन्सुलिनवरचं मूल असेल आणि त्याची उंची वाढायची थांबली असेल, किंवा शुगर उगाच खाली जात असेल, तर ही तपासणी करून घ्या. आमचं चार महिने उशिरा लक्षात आलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

धागा_सुई

नऊ आठवड्यांनी लिहिते. मध्ये लग्नसराईचं शिवण होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. सगळे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये लावून नेले आणि तुम्ही सांगितलेलं वहीत लिहून नेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. डोस ७५ च ठेवला. गोळी पहाटे साडेपाचला पाण्याबरोबर, चहा साडेसहाला. फेरिटिन अगदी कमी निघालं, लोहाची गोळी दुपारी सुरू केली, कॅल्शियम रात्री. कोलेस्टेरॉलची गोळी पुढच्या रिपोर्टपर्यंत थांबवली.

काल रिपोर्ट आले. टीएसएच ३.६. एलडीएल १३१, कोलेस्टेरॉलची गोळी न घेता. हिमोग्लोबिन ११.२. एचबीएवनसी ६.७, पण डॉक्टर म्हणाले, रक्त भरून येतंय तोवर त्यावर विसंबायचं नाही. उपाशीपोटी १२८, जेवणानंतर २०६. म्हणजे शुगर आहेच. मी खूप आशा धरून होते, दवाखान्यातच रडू आलं. मग त्यांनी पायाला दोरा लावून तपासलं, दोन्ही पायांना स्पर्श नीट कळतोय. आईचे पाय असे कोणी कधी तपासलेच नव्हते.

शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी सुरू झालीय. कोलेस्टेरॉलची गोळीही आजपासून, लहान मात्रेत. मुंग्या निम्म्यावर आल्यात. खांद्याचा व्यायाम भिंतीला बोटं चालवत करते. परवा हात कपाळाच्या वर गेला, अस्तराच्या फळीला अजून वीतभर कमी पडतोय. स्टीलच्या डबीत आता हूक ठेवलेत.