मदत हवी आहे: लॅपटॉपवर मिंट टाकलं, घरात फायबर आलं, आणि नेटवाला म्हणायलाय 'लिनक्स काढा'

खतबियाणं:
नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. माझं कृषी सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटरमधलं बेताचंच कळतं, तेव्हा काही चुकीचं लिहिलं तर हसा, पण उत्तर द्या.

लॅपटॉप एचपीचा, २०१६ साली लातूरहून घेतलेला. आय थ्री, सहावी पिढी, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ नंबरचं ह्या प्रोसेसरवर बसत नाही म्हणे. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. सोयाबीनचा भाव बघता ते काही जमणार नव्हतं. भाचा पुण्याला शिकतो, दिवाळीत आला तेव्हा पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून गेला, फुकटची सिस्टम, त्यातलं हलकं एक्सएफसीई म्हणतात ते. खरं सांगतो, मशीन सुधारलं. उधारीची वही लिब्रेऑफिसात आणली. खताची विक्री पॉस मशीनवरच होते, त्यामुळं तिथं लॅपटॉपचा संबंध नाही. थोरली अकरावीला आहे, क्लास लातूरला. सुटीला घरी आली की ह्याच लॅपटॉपवर लेक्चर बघते.

आता दुखणं. मागच्या महिन्यात घरी फायबर घेतलं. प्लॅन ४० एमबीपीएसचा. ३९९ म्हणाले, जीएसटी लावून ४७१ झाले, ते असो. मोबाईलवर वायफायला ३८ दाखवायलंय. त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसून लॅपटॉपवर २, फार तर ३. पलीकडच्या खोलीत गेलं की लॅपटॉपला वायफायचं नावच दिसत नाही. वायर जोडायला आलेल्या पोराला फोन केला, तर तो म्हणाला, "तुमच्यात लिनक्स आहे का? मग नाही चालणार. आमचं नेट विंडोजवरच चालतं. ते काढा, मग तक्रार घेतो."

दुसरं म्हणजे, संध्याकाळी कधी कधी नेटच्या डब्यावरचा (राउटरवरचा) लाल दिवा लागतो आणि सगळंच बंद पडतं, मोबाईल धरून. पाच-दहा मिनिटांनी आपोआप येतं.

हे लिनक्समुळं होतंय का लाईनमुळं? भाच्याला विचारलं, त्याची परीक्षा चालूय.

जाता जाता अजून एक. 'शेतकऱ्यांना' लिहिताना मधलं 'ऱ्या' नीट येत नाही, 'र्या' होतं. दुकानाच्या पाटीवर तसंच छापून आलं आणि गुरुजींनी भर बाजारात काढलं.

सोयाबीन_४८९२:
विंडोज टाका भाऊ. कशाला डोक्याला ताप. आमच्याकडं पेनड्राइव्हमध्ये ११ नंबरचं तयार आहे, कुठल्याही मशीनवर बसतं, पैसे लागत नाहीत.

पेंग्विन_परभणीचा:
वरच्या भाऊंचा पेनड्राइव्ह लावू नका. उधारीची वही आहे त्या मशीनमध्ये.

खतबियाणं, तुमचा नेटवाला जे बोलला ते साफ खोटं आहे, किंवा त्याला तसंच शिकवलेलं आहे. फायबरच्या लाईनवर लॉगिन होतं ते त्या डब्यात. पीपीपीओई म्हणतात त्याला. युजरनेम-पासवर्ड डब्यात भरलेला असतो, डबा तिकडं जोडला जातो आणि घरातल्या सगळ्यांना नेट वाटतो. लॅपटॉपवर विंडोज आहे का लिनक्स, हे त्याला कळतही नाही आणि कळायची गरजही नाही. गंमत म्हणजे असे बहुतेक डबे आतून लिनक्सवरच चालतात. तुमचा अँड्रॉइड फोन, ज्याच्यावर ३८ येतात, त्याच्या पोटातही लिनक्सच आहे.

आधी एकच काम करा. डब्याच्या मागं पिवळी किंवा काळी लॅनची भोकं असतात. एक लॅन केबल आणा, औशात मोबाईलच्या दुकानातही मिळेल. डब्यातून थेट लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड बघा. ४० च्या जवळ आलं तर लाईनही बरी आणि लिनक्सही बरं, दोष लॅपटॉपच्या वायफाय कार्डात. तिथंही २ च आलं तर पुढं बोलू.

दुसरं, मेनूत 'सिस्टम इन्फॉर्मेशन' उघडा. त्यात नेटवर्क नावाचा भाग आहे. वायफाय कार्डाचं नाव काय लिहिलंय ते इथं सांगा. माझा एक अंदाज आहे, पण आत्ता सांगत नाही.

मांजराकाठ:
'ऱ्या'चं मी सांगतो. तुम्ही 'क' लिहून 'र' ला हलंत देऊन 'य' लिहिताय. त्याचा रफार होणारच, त्यात कॉम्प्युटरची चूक नाही. इनस्क्रिप्ट म्हणजे कीबोर्डवरची देवनागरीची ठरलेली मांडणी, त्यात आपला नेहमीचा र इंग्रजी जे वर आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की नुक्तावाला ऱ येतो. त्याच्यापुढं डी दाबून हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग य आणि काना. झालं 'ऱ्या'. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगात मराठीचा लेआउट जोडून घ्या, वेगळं काही उतरवावं लागत नाही. आठ दिवस बोटं अडखळतील. आमच्या शाळेत श्रीलिपीवर पंधरा वर्षं टाइप केलेल्या बाई आठ दिवसांत शिकल्या.

पाटीचं मात्र आता काही होत नाही. गुरुजी बरोबर होते.

खतबियाणं:
केबल आणली. ६० रुपये, पाच फुटाची. लावली तर ३९! तीनदा बघितलं. म्हणजे लाईन बरी आहे.

सिस्टम इन्फॉर्मेशनमध्ये लिहिलंय: रिअलटेक आरटीएल ८७२३ बीई.

पेंग्विन_परभणीचा:
अंदाज खरा ठरला. ह्या कार्डाची कथा जुनी आहे, एचपी घेतलेल्या कितीतरी लोकांनी हीच तक्रार केलेली आहे. कार्डावर अँटेनाची दोन भोकं असतात. कंपनीनं पैसे वाचवायला अँटेना एकच दिली आणि ती कोणत्या भोकाला जोडली हे मशीनमशीनप्रमाणं वेगळं. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कधी कधी रिकाम्या भोकावर कान लावून बसतो. त्यामुळं राउटर शेजारी असला तरच ऐकू येतं, भिंत मध्ये आली की संपलं. विंडोजवर हे कळत नाही कारण तिथल्या ड्रायव्हरला कंपनीनं सांगून ठेवलेलं असतं.

उपाय एका ओळीचा आहे. ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच आहे, डाउनलोड काही नाही. इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये (मेनूतली हुकूम टाइप करायची काळी खिडकी) टाइप करताना इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान.

आधी ड्रायव्हर काढायचा: सूडो मॉडप्रोब, मग डॅश आणि आर, मग आरटीएल८७२३बीई. पासवर्ड मागेल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरू नका, एंटर मारा.

मग परत घालायचा: सूडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई, एक जागा सोडून ए एन टी, अंडरस्कोर, एस ई एल, बरोबरचं चिन्ह, आणि २. ह्या शेवटच्या तुकड्यात मध्ये जागा सोडायची नाही.

वायफाय जोडा आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बघा. फरक नाही पडला तर परत काढा आणि २ च्या जागी १ घाला. मशीन बंद करून चालू केलं की हे सगळं पुसलं जातं, म्हणून आत्ता बिनधास्त करून बघा. कोणता आकडा लागला ते सांगा, मग कायमचं करू.

सोयाबीन_४८९२:
एवढं करण्यापेक्षा ३०० रुपयांचा यूएसबी डोंगल घ्या की.

पेंग्विन_परभणीचा:
तोही उपाय आहे, नाही म्हणत नाही. पण त्यातली निम्मी डोंगलं परत रिअलटेकचीच निघतात आणि काहींचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आयता नसतो. मग इथं नवीन धागा.

खतबियाणं:
२ ने काहीच झालं नाही. उलट जे दिसत होतं तेही गेलं. मनात म्हटलं, झालं, आता भाच्याच्या परीक्षेची वाट बघायची. मग १ घातला.

खाटेवर ३१! पलीकडच्या खोलीत १४. थोरलीला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "बाबा, हे आधी का नाही केलं?"

पेंग्विन_परभणीचा:
आता कायमचं करा. ईटीसी फोल्डरात मॉडप्रोब डॉट डी नावाचं फोल्डर आहे. त्यात सूडो वापरून एक नवी फाइल करा. नाव काहीही द्या, शेवट डॉट सीओएनएफ पाहिजे. आत एकच ओळ: ऑप्शन्स, मग ड्रायव्हरचं नाव, मग तोच ए एन टी अंडरस्कोर एस ई एल वाला तुकडा १ लावून. सेव्ह करून मशीन रीस्टार्ट.

पलीकडच्या खोलीत १४ का? मध्ये भिंत कसली आहे?

खतबियाणं:
दगडी. दोन फुटाच्या वर आहे. जुना वाडा होता आमचा, माळवदाचा. १९९३ च्या भूकंपात तो गेला, ही एक भिंत तेवढी उभी राहिली. आजोबांनी पाडू दिली नाही. तिच्या अलीकडं-पलीकडं नंतर सिमेंटच्या खोल्या काढल्या.

पेंग्विन_परभणीचा:
मग १४ पुष्कळ झाले. भिंत राहू द्या. डबा फोनला ५ गिगाहर्ट्झवर देतो, तुमचं कार्ड फक्त २.४ वालं आहे. ५ वेगात जास्त पण दगड-मातीपुढं लवकर हात टेकतं, २.४ जरा चिवट. लेक्चर बघायला १४ भरपूर. लेकीला पाहिजेच असेल तर भिंतीच्या वरून लॅन केबल ओढा आणि तिकडं एक साधा राउटर ठेवा.

जुना_लाईनमन:
फोनच्या तारांवर पस्तीस वर्षं काढली, आता घरी बसून तुमच्या गप्पा वाचतो. त्या लाल दिव्याचं सगळ्यांनी सोडूनच दिलं. त्याला एलओएस म्हणतात. डब्यापर्यंत प्रकाश पोचला नाही की तो लागतो. लिनक्स, विंडोज, वायफाय कशाचाच त्याच्याशी संबंध नाही.

ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका, डब्याखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो, पासवर्डही तिथंच. आत ऑप्टिकल किंवा पॉन असं लिहिलेल्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेला प्रकाश, दिसेल, उणे आकड्यात. शून्याच्या जितकं जवळ तितका प्रकाश जास्त. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत झोपा. उणे २७ ही शेवटची पायरी समजा.

खतबियाणं:
उणे २८.४.

जुना_लाईनमन:
मग लाल दिवा लागला नाही तरच नवल. तो आकडा डीबीत (डेसिबलमध्ये) असतो, दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो हे लक्षात घ्या. एका फायबरची आठ घरं करणारा स्प्लिटरच १० च्या पुढं खातो, त्यात तुमच्याकडं कुठंतरी जास्तीचं गळतंय. उसाचे ट्रॅक्टर चालू झालेत का तुमच्याकडं? दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, रस्त्यावरून जाताना वायर हिसकून जाते. तुटली तर कळतं तरी, नुसती ताणली गेली तर कुणाला कळत नाही.

आणि घरातली वायर बघा. तांब्याच्या तारेसारखी तिला कोपऱ्यात घडी घालायची नसते. आतली काच करंगळीपेक्षा जास्त वळली की प्रकाश वाकणावरच बाहेर सांडतो.

खतबियाणं:
काका, तुम्ही घर बघून गेल्यासारखं बोललात. त्या पोरानं आठ-दहा मीटर वायर जास्तीची सोडली होती. माझ्या धाकट्यानं ती गुंडाळून खिडकीच्या खिळ्याला घट्ट अडकवली, वरून चिकटपट्टी. सोडवली, ताटाएवढं मोठं वेटोळं करून भिंतीला टांगली. आकडा उणे २४ वर आला.

जुना_लाईनमन:
अजून तीनेक डीबी बाहेर आहेत. तक्रार करताना आता 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'आरएक्स पॉवर उणे २४ आहे, बाहेरचा जॉइंट बघा' असं म्हणा, आणि पानाचा फोटो पाठवा. आकडा ऐकला की त्यांची भाषा बदलते. डब्याला आणि लॅपटॉपला एकच इन्व्हर्टर असेल तर बरं. अवकाळीत वीज कडाडायला लागली की ॲडॅप्टर काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण लाईटच्या पिनमधून येते.

खतबियाणं:
फोटो पाठवला. दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस आला, फायबर जोडायचं मशीन घेऊन. खांबावरचा जॉइंट काढून नवीन मारला. ट्रॅक्टरनंच ओढला होता, खांबाला आठ दिवसांपासून वायर लोंबत होती आणि आम्ही सगळे तिच्याखालून येत-जात होतो. आता उणे २१.२. लिनक्स आहे का, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

तीन दिवस लाल दिवा नाही. पेंग्विन दादा, काका, फार आभार. औशाकडं आलात तर चहाला या.

खतबियाणं:
माफ करा, परत आलो. आज सकाळी परत उणे २८ आणि दिवा लाल. तक्रार करायच्या आधी म्हटलं घरात बघू. वायरीचं वेटोळं सोडून उरलेली ओसरीवरून गेली आहे ना, तिच्यावर वडिलांनी ओला पंचा वाळत घातला होता. काढला. उणे २१.३.